आधी लाल, मग चंदेरी

हिंजवडीच्या शिवाजी चौकातून माण गावाकडे निघालं की साधारण चार किलोमीटरचा रस्ता लागतो. संध्याकाळी कंपन्या सुटल्यावर तो किती वेळात संपेल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. १३,००० फुटांवर विमानाच्या दारातून बाहेर पडणारा स्कायडायव्हर जवळपास तेवढंच अंतर सरळ खाली उतरतो. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग दहा-बारा सेकंदांत ताशी सुमारे १९० किलोमीटरला पोचतो आणि तिथेच थांबतो, कारण तेव्हा हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका झालेला असतो. मिनिटाच्या आत तो चार हजार फुटांवर येतो. पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी हात नेऊन तो छोटा पायलट शूट ओढतो आणि हवेत सोडून देतो. वाऱ्याने फुगलेला पायलट शूट मुख्य पॅराशूट बाहेर खेचतो. पुढची तीन-चार सेकंदं माणूस मान वर करून पाहत राहतो.

या पाहण्यात तीन प्रश्न असतात आणि ते जमिनीवर असतानाच घोकून घेतलेले असतात. पॅराशूट चौकोनी उघडलंय का? स्थिर आहे का? ओढू तसं वळतंय का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली तर उरलेली उडी म्हणजे पाच-सहा मिनिटांचा शांत प्रवास. एकाचंही उत्तर नाही असं आलं तर हातात अगदी मोजका वेळ राहतो. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने शिकाऊ उमेदवार आणि पहिल्या पायरीच्या परवानाधारकासाठी निर्णयाची उंची २,५०० फूट ठरवली आहे आणि त्यावरच्या परवानाधारकांसाठी १,८००. पॅराशूट मुळीच उघडलं नसेल तर २,५०० फूट चौदा सेकंदांत संपतात. चौदा सेकंदांत नवा विचार सुचत नाही, म्हणून तो विचार आधीच करून ठेवावा लागतो. राखीव पॅराशूटची रचना याच गरजेतून घडत गेली.

बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत पाठीवरून काहीच निघत नाही. हँडल हाताला लागत नाही, किंवा पायलट शूट बाहेर पडूनही पिशवीची पिन सुटत नाही आणि तो नुसता मागे फरफटत राहतो. हे भीतिदायक असलं तरी त्यात संभ्रम नाही. आपण दगडासारखे पडतो आहोत हे माणसाला कळतं आणि त्याचा हात आपोआप राखीवच्या हँडलकडे जातो.

दुसरी जात मला अधिक घातक वाटते. पॅराशूट उघडतं, पण नीट उघडत नाही. एखादी दोरी कापडावरून आडवी जाते आणि चौकोनाचे दोन फुगे होतात. दोऱ्यांच्या जुडग्यात गाठ बसते. फुगण्याचा वेग आवरणारा कापडी चौकोन, ज्याला स्लायडर म्हणतात, वरच अडकून बसतो. दोऱ्यांना पीळ बसला तर पाय झटकत उलट फिरून तो पुष्कळदा सोडवता येतो. पण पीळ पडलेलं पॅराशूट एका बाजूला झुकून गरगरू लागलं तर प्रत्येक फेरीगणिक वेग वाढतो, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि हात जड होतात. एवढं होऊनही डोक्यावर कापड दिसत असतं. पडण्याचा वेग कमी झालेला असतो. मन म्हणतं, थोडं ओढून पाहू, एक दोरी सोडवून पाहू, बहुतेक सुटेल. या ‘बहुतेक’ने कितीतरी अनुभवी माणसांचा जीव घेतला आहे. त्यांच्या पाठीवर निर्दोष राखीव पॅराशूट होतं, पण ते उघडण्यापुरती उंची संपेपर्यंत त्यांनी पहिलं सोडलंच नाही.

राखीव पॅराशूटकडे जादाची सोय म्हणून पाहिलं तर त्याचं मर्म हातून निसटतं. त्याला वर मोकळी हवा लागते. बिघडलेलं मुख्य पॅराशूट डोक्यावर तसंच ठेवून राखीव उघडलं तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि एकही चालत नाही. हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. मुख्य सर्व्हर पुरता बंद न पडता अर्धवट बिघडला आणि तेवढ्यात राखीव सर्व्हरने कारभार हाती घेतला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून एकाच साठ्यावर लिहू लागतात आणि माहितीचा चुथडा होतो. ते लोक याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. त्यावर त्यांचा खात्रीचा उपाय म्हणजे राखीव चालू करण्याआधी मुख्य सर्व्हरची वीज तोडणं. आकाशातही तोच क्रम आहे. उजव्या बाजूचं लाल हँडल ओढलं की मुख्य पॅराशूट सुटून जातं. त्यानंतर डाव्या बाजूचं चंदेरी हँडल ओढलं की राखीव बाहेर येतं. शिकवणारे विद्यार्थ्याकडून हे शेकडो वेळा म्हणवून घेतात: लाल बघ, लाल पकड, लाल ओढ, चंदेरी बघ, चंदेरी पकड, चंदेरी ओढ. आधी बघायचं, कारण घाबरलेला हात भलताच पट्टा पकडून ओढत बसतो.

क्रम चुकला, किंवा पाळायला वावच मिळाला नाही, तर काय होतं याचं सर्वांत दुःखद उदाहरण अंतराळप्रवासातलं आहे. २४ एप्रिल १९६७ रोजी सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमिर कोमारोव्ह सोयुझ-१ यानातून परतत होते. यानाचा लहान पॅराशूट उघडला, पण मुख्य पॅराशूटला त्याच्या कप्प्यातून बाहेर खेचणं त्याला जमलं नाही. राखीव बाहेर पडलं तेव्हा तो लहान पॅराशूट यानाला तसाच लटकलेला होता. राखीव त्याच्यात अडकलं आणि फुगलंच नाही. यान जमिनीवर आदळलं आणि कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. राखीव व्यवस्था होती. तिच्या वाटेतला अडथळा दूर करण्याची सोय नव्हती.

पॅराशूट हवेत सोडून देण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे, आणि ती जीव वाचवण्यासाठी जन्मली नव्हती. केटे पाउलुस या जर्मन बाई मुळात शिवणकाम करणाऱ्या. १८९० च्या दशकात त्या फुग्यातून उड्या मारून दाखवत. त्यांचा गाजलेला खेळ होता दुहेरी उडीचा. पहिली हवाई छत्री उघडली, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, की त्या ती छत्री सोडून देत आणि पुन्हा कोसळू लागत, मग दुसरी उघडत. घडी करून पिशवीत बसणारी पॅराशूटं त्यांनी स्वतः बनवली आणि पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याला हजारोंनी पुरवली. उघडलेली छत्री सोडून दुसरीवर विसंबता येतं हे पाउलुसबाईंनी जत्रेतल्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा सिद्ध केलं होतं. आजच्या लाल हँडलच्या पूर्वजांत मी त्यांचं नाव सर्वांत वर लिहीन.

तरीही ते सोडणं हातासरशी आणि खात्रीने जमायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी खांद्यांवर धातूच्या दोन खटक्या असत आणि त्या वेगवेगळ्या उघडाव्या लागत. एक सुटली आणि दुसरी अडकली तर संकट दुप्पट. अमेरिकेतल्या बिल बूथ यांनी तीन कड्यांची जुळणी शोधली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून लहान आणि लहानीवर दोरीचा एक फास, तो फास रोखून धरायला एक पातळ वायर. प्रत्येक कडी तरफेचं काम करते आणि तिच्यावरचा ताण पुढच्या कडीपर्यंत सुमारे दहापटीने घटतो. खांद्याच्या पट्ट्यावर शेकडो किलोंचा ताण असला तरी वायरपाशी तो काही शे ग्रॅमच उरतो. म्हणून गरगरत्या पॅराशूटखाली दमलेली, हलक्या अंगाची व्यक्तीसुद्धा हँडल ओढू शकते आणि दोन्ही खांदे जवळजवळ एकाच क्षणी मोकळे होतात. गेल्या पन्नास वर्षांत या खेळात जे शोध लागले, त्यांत मला हा सर्वांत देखणा वाटतो. त्यात ना बॅटरी आहे ना स्प्रिंग, तीन कड्या आणि एक फास एवढंच आहे.

पुढची पायरी बूथ यांच्याच स्कायहूकची. सुटून जाणारं मुख्य पॅराशूट एका पट्टीने राखीवची पिन ओढतं, ही युक्ती आधीपासून होती. स्कायहूकमध्ये निघून जाणारं बिघडलेलं कापड आपल्या ओढीने राखीवला पिशवीतून बाहेर काढतं आणि मग त्याच्यापासून अलग होतं. ज्याने धोका निर्माण केला त्याच्याच जोराने सुटका होते, आणि तीही अगदी थोड्या उंचीत.

राखीवची घडी घालणाऱ्या माणसाबद्दल लिहायलाच हवं. मुख्य पॅराशूट बहुतेक जण स्वतःच घडी करतात. हँगरमध्ये सतरंजीवर गुडघे टेकून, गप्पा मारता मारता दहा-पंधरा मिनिटांत ते काम उरकतं. राखीवला मात्र परवानाधारक रिगरखेरीज कुणी हात लावायचा नाही. तो प्रत्येक शिवण, प्रत्येक दोरी तपासतो, कापड पट्टी-पट्टीने दुमडतो, बंद केलेल्या पिनवर लाल धागा बांधून त्याला शिशाचं सील ठोकतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेत हे सील १८० दिवस चालतं. त्या मुदतीत राखीव एकदाही वापरलं नसलं तरी ते उघडून, तपासून पुन्हा घडी करावं लागतं. कापडाची निवडही वेगळ्या हिशेबाने होते. वेगाने पळणं, चपळाईने वळणं ही मुख्य पॅराशूटची कामं. राखीवकडून एकच अपेक्षा असते, की कुठल्याही स्थितीत पटकन आणि सरळ उघडावं. त्याचा पायलट शूट स्प्रिंगवर दाबून बसवलेला असतो, म्हणजे पिन सुटताच तो उसळून बाहेर पडतो. बिघाडाचं प्रमाण ढोबळमानाने हजार उड्यांत एक असं धरतात. मुख्य पॅराशूट बिघडून राखीववर सुखरूप उतरलेला माणूस आपल्या रिगरला बाटली भेट देतो, अशी पाश्चात्त्य देशांतली जुनी रीत आहे. ज्याची सही आपल्या पाठीवर होती त्याचे आभार मानायचे असतात.

पण हात हँडलपर्यंत पोचलाच नाही तर? १६ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर ७६,००० फुटांहून अधिक उंचीवरून फुग्यातून उडी घेत होते. स्थैर्यासाठीचा छोटा पॅराशूट वेळेआधी सुटला आणि त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला गेला. मिनिटाला सुमारे १२० फेऱ्यांच्या गतीने फिरत ते बेशुद्ध पडले. खाली आल्यावर त्यांचं संकटकालीन पॅराशूट यंत्रणेने आपोआप उघडलं आणि ते वाचले. पुढच्याच वर्षी त्यांनी १,०२,८०० फुटांवरून उडी मारली.

या स्वयंचलित यंत्रणेला खेळाडूंच्या पाठीवर खात्रीची जागा मिळवून दिली ती जर्मनीच्या हेल्मुट क्लॉथ यांनी. १९९१ मध्ये त्यांचं सायप्रेस हे यंत्र बाजारात आलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग सतत मोजतं. ७५० फुटांच्या आसपास माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर एक छोटी पाती राखीव बंद ठेवणारा दोरा कापते. जमीन तेव्हा जेमतेम चार सेकंदांवर असते. या यंत्राने असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र त्याची मर्यादा प्रत्येक उडी मारणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवी. अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली पडण्याचा वेग या मर्यादेच्या आत असू शकतो, आणि तसा असेल तर यंत्र गप्प राहतं. शिवाय ते मुख्य पॅराशूट सोडत नाही. लाल हँडल ओढणारं यंत्र स्कायडायव्हरच्या पाठीवर नसतं, ते काम माणसालाच करावं लागतं. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि दहा मृत्यू झाले, ही त्या देशातल्या नोंदींमधली तोवरची सर्वांत कमी संख्या होती. अलीकडच्या अपघातांत बरेच जण तर पूर्ण निर्दोष पॅराशूटखाली जमिनीजवळ वेगाने वळताना दगावले आहेत.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव घ्यावंच लागतं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून उणे ३७ अंश तापमानात २,४०० फुटांवरून उडी मारली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी. वर सांगितलेली निर्णयाची उंची आठवा: त्यांची उडी सुरू झाली तीच तिच्याखाली. त्या थंडीत जाड हातमोज्यांतून हँडल चाचपून ओळखणं अवघड होतं, बोटं लवकर बधिर होतात. २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उतरल्या. बातम्यांमध्ये त्या साडीच्या रंगाचं कौतुक झालं. मला त्यात साधनांची परीक्षा दिसते. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला पदर लाल-चंदेरी हँडलांवर पसरू शकतो किंवा पायलट शूटमध्ये अडकू शकतो. एवढं लांब वस्त्र जागच्या जागी जखडून, वरून हार्नेस चढवून, दोन्ही हँडलं डोळ्यांना आणि हाताला मोकळी ठेवणं ही त्या उडीची खरी पूर्वतयारी. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली. तिथे अडचण वेगळी होती. उतरण्याच्या जागेजवळ, १७,००० फुटांवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या सहा-दशांशाहून थोडी कमी असते. त्यामुळे तेच पॅराशूट, मुख्य असो की राखीव, साधारण तीस टक्के जास्त वेगाने खाली येतं. पुण्याच्या हवेत पुरेसं मोठं वाटणारं राखीव हिमालयात लहान पडतं.

सैन्याची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पद्धतीने उडी मारणाऱ्या जवानांना राखीव पॅराशूट मिळतच नसे. १९४१ साली उभ्या राहिलेल्या ५० पॅराशूट ब्रिगेडचे पहिले भारतीय छत्रीधारी याच पद्धतीत शिकले. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन पुढे २ पॅरा (मराठा) झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरली, ती ढाक्याच्या वाटेवरचा पुंगली पूल ताब्यात घेण्यासाठी. अशा उड्या हजार-बाराशे फुटांवरून होतात आणि विमानाला बांधलेली पट्टीच मुख्य पॅराशूट उघडते. पुढे मिळू लागलेल्या छातीवरच्या राखीवसाठी उरलेली सेकंदं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. इथे मुख्य छत्री सोडत बसायला वेळ नसतो. जवान राखीवचं कापड हाताने बाजूच्या मोकळ्या हवेत झुगारतो.

हीच पद्धत हिंजवडीहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, कामशेतला, वापरात आहे. पुणे परिसरातल्या आकाशावर लोहगावच्या हवाई दलाचं नियंत्रण असल्यामुळे इथे विमानातून उड्या मारण्याचा खेळ रुजणं कठीण. मुळशी तालुक्यातच ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर काही काळ प्रशिक्षकाला बांधून घेऊन उड्या झाल्या. एरवी आयटी पार्कमधली मंडळी शनिवार-रविवारी कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकतात. पॅराग्लायडरच्या हार्नेसमध्येही राखीव असतं, पण लाल हँडल बहुधा नसतं. पंख कोसळला तर राखीवची पिशवी ओढून काढायची, मोकळ्या हवेकडे जोरात फेकायची आणि राखीव उघडताच पंख दोऱ्यांनी आपल्याकडे ओढून निकामी करायचा. नाहीतर दोन्ही कापडं दोन बाजूंना ताणली जातात आणि माणूस मधून वेगाने खाली जातो. राखीव फुगायला पन्नासेक मीटर उंची सहज खर्च होते. कामशेतच्या बुटक्या टेकड्यांवर उड्डाणाच्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटांत तेवढी उंची नसते. म्हणून तिथे राखीवइतकंच महत्त्व वाऱ्याच्या पारखीला आहे.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. स्कायडायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही त्यात आहेत. धोरणाची अंमलबजावणी टेकडीवर पोचेपर्यंत ग्राहकाने स्वतः विचारायला हवं: या हार्नेसमधल्या राखीवची घडी शेवटची केव्हा घातली? बनवणारे साधारण सहा महिने ते वर्षाची मुदत देतात. दमट पावसाळा काढलेलं कापड आपल्याच वजनाने चिकटून बसतं, रबराचे फास कुजतात आणि कप्पा बंद ठेवणारी पिन गंजते. चांगला प्रशिक्षक हा प्रश्न विचारल्याबद्दल रागावत नाही. तो हार्नेसच्या कप्प्यातून कार्ड काढून तारीख दाखवतो आणि मग जमिनीवरच, हार्नेसमध्ये लटकवून, विद्यार्थ्याचा हात त्या हँडलपर्यंत पुन्हा पुन्हा नेऊन घेतो.